निशाणी नांगर, निशाणी अंगठा

आमच्या गावच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. जमिनीचे कागद, जुन्या पावत्या, मोडलेल्या चष्म्याची एक काडी आणि वाळवीने अर्धे खाल्लेले पंचांग असा बराच संसार तिच्यात आहे. काही वर्षांपूर्वी सातबाऱ्यावरच्या एका नावाच्या भानगडीसाठी ही पेटी उपसावी लागली आणि तळाशी मला दोन कागद सापडले. एक मोडीत होता. तो जाणत्या माणसाकडून वाचून घेतला. बांधाच्या कुठल्याशा तंट्यात साक्षीदार म्हणून माझ्या खापरपणजोबांचे नाव आहे आणि नावापुढे, सहीच्या जागी, बोराएवढा एक नांगर काढलेला आहे. शेजारी कारकुनाने लिहिले आहे : निशाणी नांगर. दुसरा कागद म्हणजे आजोबांच्या वडिलांचा कर्जरोखा. त्यावर काळपट शाईचा एक फराटलेला ठसा आणि बाजूला शब्द : निशाणी डाव्या हाताचा अंगठा. हे दोन्ही कागद मी नीट गुंडाळून ठेवत होते, तेव्हा आत्याने आपले आधार कार्डही माझ्या हातात दिले. "हेबी त्यातच टाक, हरवतंय सारखं." त्या कार्डावर निशाणी अशी कुठे नव्हती. एक फोटो, बारा आकडे आणि ठिपक्यांचा एक चौकोन. तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते, पण ते या कागदावर नव्हते. दूर कुठेतरी ठेवलेले होते.

एकाच घराण्यातल्या माणसांनी 'हा मीच' हे सांगायला वापरलेल्या या तीन खुणा. त्यांच्याकडे मी कौतुकाने पाहून पेटी बंद केली असती. पण त्याच सुमारास आत्याचा अंगठा लागेनासा झाला.

'अंगठा लागत नाही' हे आता मराठीतले नित्याचे वाक्य आहे. रेशन दुकानात ई-पॉस मशीन असते. त्याच्या काचेवर बोट ठेवायचे, लाल उजेड येतो आणि थोड्या वेळाने मशीन होय किंवा नाही म्हणते. आत्याला ते नाही म्हणू लागले. दुकानदार भला माणूस होता. त्याने तिला हात धुऊन यायला सांगितले, मग पदराला पुसायला सांगितले, मग डोक्यावरच्या केसांवर बोट घासायला सांगितले, म्हणजे थोडे तेल लागेल. एकदा तर लिंबाची फोड आणली. दहाही बोटे लावून झाली. मागे रांग होती. त्या महिन्याचे धान्य राहिले आणि पुढच्या महिन्याचेही. दुकानदार तिला लहानपणापासून ओळखतो. ती कोण आहे याबद्दल त्या दुकानात कुणालाच शंका नव्हती. शंका फक्त मशीनला होती आणि मोजत होती ती तेवढीच.

हा प्रसंग मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांनी एक तर सरकारला शिव्या दिल्या, नाही तर 'सुरुवातीला अशा अडचणी यायच्याच' असे म्हटले. मला मात्र पेटीतला नांगर आठवत राहिला. माणसाची खूण म्हणून नांगर सोडून अंगठा कधी आणि का आला, हे शोधायला मी बसले ती त्यामुळे.

जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याचे चिन्ह काढायची रीत होती. पाटील-कुणब्याचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. ही खूण माणसाला एकट्याला ओळखत नाही. गावात पन्नास नांगर असतील. कागदावर त्यातला कुठला, हे ठरायचे ते भोवती बसलेल्या माणसांवरून : पांढरी म्हणजे गावसमुदाय हजर आहे, शेजारच्या गावचे पाटील आहेत, गोताने निवाडा केला आहे. चित्र माणसाचा धंदा आणि त्याचे गावातले स्थान सांगे. 'तो हाच' हे गाव सांगे. या व्यवस्थेचे गोडवे गायचे मला कारण नाही. ज्याला त्याला जातीच्या हत्याराला बांधणारीच ती खूण होती. नांगर काढणाऱ्याच्या मुलाने दुसरे काही काढावे, अशी सोयच नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती : नांगराचे चित्र काढायला हात लागे. ते वेडेवाकडे असले तरी माणसाने काढलेले असे. अंगठा काढावा लागत नाही. दुसऱ्याने मनगट धरून दाबला तरी तो तितकाच खरा उमटतो.

अंगठ्याची गोष्ट बंगालमध्ये सुरू होते. जुलै १८५८. आदल्या वर्षीचा उठाव नुकता चिरडला गेला होता आणि कंपनीच्या राज्याचे अखेरचे महिने चालू होते. मुर्शिदाबादजवळ जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा मुलकी अधिकारी होता. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार केला. करार कोनाईच्याच हातचा, बंगालीत लिहिलेला होता. म्हणजे या माणसाला लिहिता येत होते, सहीही करता येत होती. तरी हर्शेलने शिक्क्याची शाई त्याच्या तळहाताला फासली आणि कागदाच्या पाठीवर अख्खा पंजा उमटवून घेतला. हेतू काय होता, हे हर्शेलने पुढे म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवले आहे : उद्या ही सही माझी नव्हे म्हणण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, इतका धाक बसावा. बोटांवरच्या रेषांचे शास्त्र तेव्हा त्याच्या मनातही नव्हते. जगातल्या पहिल्या सरकारी हातठशाचा उगम असा अविश्वासात आहे, आणि तोही अंगठेबहाद्दराविषयीच्या नव्हे, तर लिहिता येणाऱ्या माणसाविषयीच्या.

या विल्यम हर्शेलचे घराणे पाहण्यासारखे आहे. आजोबांनी युरेनस ग्रह शोधला. वडील जॉन हर्शेल यांनी 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रजीत रूढ केला. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही त्यांचेच. उजेडात काळी पडत जाणारी प्रतिमा कागदावर कायमची टिकवायला हायपो वापरता येईल, हे त्यांनी दाखवले. बाप प्रतिमा पक्की करत होता आणि मुलगा माणूस पक्का करायला निघाला होता. योगायोग असेल, पण माणसाच्या देहाची खूण म्हणून चेहरा की बोट, हा जो वाद पुढची पन्नास वर्षे चालला, त्याच्या दोन्ही बाजू या एका घरातून निघाल्या.

हर्शेलने ठसे जमवण्याचा छंद सोडला नाही. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मेलेल्याच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत. दस्तनोंदणीतही ठसे आणले, तुरुंगातही. ही पद्धत सगळीकडे लावावी असे त्याने वर लिहिले; वरच्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. १८८० मध्ये टोकियोत काम करणारा हेन्री फॉल्ड्स हा स्कॉटिश डॉक्टर आणि हर्शेल या दोघांची पत्रे 'नेचर' या नियतकालिकात एका महिन्याच्या अंतराने छापली गेली आणि श्रेय कुणाचे यावर त्यांचे भांडण आयुष्यभर पुरले. ते भांडण सोडून देऊ.

महत्त्वाचा प्रश्न होता रेषा टिकतात का हा. हर्शेलने त्याचे उत्तर स्वतःच्या हातावर दिले. तरुणपणी घेतलेला स्वतःचा ठसा आणि १९१६ साली, सत्तावन्न वर्षांनी, घेतलेला ठसा त्याने शेजारी शेजारी छापला. वळण न् वळण तेच. हे खरे आहे आणि आजचे शास्त्रही हेच सांगते : आईच्या पोटात चौथा महिना सरता सरता घडलेली ही नक्षी मरेपर्यंत बदलत नाही. पण ते दोन ठसे पाहताना माझ्या मनात आले, की हा हात कुणाचा आहे? कलेक्टरचा. सत्तावन्न वर्षांत त्याने लेखणी धरली, घोड्याचा लगाम धरला असेल. खुरपे धरले नाही. नक्षी टिकते हे त्याने सिद्ध केले. ती वाचता येण्याजोगी राहते का, हा प्रश्न त्या हाताला पडायचे कारण नव्हते.

आपल्याकडे दख्खनमध्ये त्याच काळात वेगळे काही घडत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे वेढली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दंगल म्हणून तिची नोंद झाली असली, तरी तिचे लक्ष्य बहुतेक ठिकाणी नेमके होते : कर्जरोखे. ते हिसकावले आणि जाळले. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या खुणेखाली काहीही लिहून त्याला जन्मभर बांधता येते, हे त्या शेतकऱ्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कुणब्याचा रोखा नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा असे ठरले. बंगालमधल्या साहेबाला भीती होती की रयत आपली खूण नाकारील. सुप्याच्या कुणब्याची तक्रार अशी, की आपली खूण आपल्याला न विचारता वापरली जाते. अंगठा पहिल्या भीतीवरचे औषध आहे, दुसरीवरचे नाही. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठाही अस्सलच असतो. पेटीतल्या पणजोबांच्या रोख्यावर किती रक्कम मिळाली आणि किती लिहिली, ते कोण सांगणार? ठसा मात्र त्यांचाच आहे, यात संशय नाही.

ठसे घेणे सोपे, शोधणे अवघड. लाखभर ठशांच्या ढिगातून एक कसा काढायचा? तोवर पोलिसांचा भरवसा होता पॅरिसच्या आल्फोन्स बर्तिलाँच्या पद्धतीवर. डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, डावे पाऊल अशी मापे पितळी कंपासने घ्यायची आणि कप्प्यांत लावायची. बंगाल पोलिसांनीही १८९० नंतर ती उचलली. पण दोन शिपायांनी घेतलेली एकाच माणसाची मापे जुळत नसत. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ च्या आपल्या पुस्तकात ठशांचे वर्गीकरण मांडले, पण ते मोठ्या संग्रहाला पुरेना. तोडगा निघाला कलकत्त्यात. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी होते. हक गणिताचे. पद्धत आजही जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखली जाते. हक यांना खान बहादूर आणि बोस यांना रायबहादूर या पदव्या मिळाल्या.

ही पद्धत समजून घेताना मला लहानपण आठवले. दुपारी ओट्यावर आत्या माझा हात मांडीवर घेऊन बोटांवरचे शंख-चक्र मोजायची. पूर्ण गोल फिरणारी रेषा ती चक्र, एका बाजूला उघडी पडणारी तो शंख. दहा चक्रे असली तर राजयोग. मला दोनच होती : उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर. "राणी न्हाईस, पण उपाशी मरणार न्हाईस," असा तिचा निकाल.

हक यांची युक्ती नेमकी या मोजणीतून जाते. दहा बोटांपैकी प्रत्येकाला एकच प्रश्न : चक्र आहे की नाही? बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. एकेका जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली, दोन्हींत एक-एक मिळवायचा; अपूर्णांक तयार होतो. माझा अपूर्णांक येतो १ छेद १८. असे वर बत्तीस आणि खाली बत्तीस, मिळून १,०२४ कप्पे. आत्या ज्याला राजयोग म्हणे तो ३२ छेद ३२ या शेवटच्या कप्प्यात जाऊन पडतो. संगणकाशी ओळख असलेल्या वाचकाच्या लक्षात आलेच असेल : दहा होय-नाही, म्हणजे दोनाचा दहावा घात. विजेवर चालणारा एकही संगणक जगात नव्हता तेव्हा कलकत्त्याच्या एका कचेरीत माणसाचा हात दहा द्विमान अंकांत लिहिला जात होता. 'डिजिट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ बोट असा आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असते; डिजिटल संस्कृती पहिल्यांदा प्रत्यक्ष बोटांवर उतरली ती बंगालच्या पोलीस कचेरीत, एवढी भर मी त्यात घालीन.

१८९७ मध्ये कलकत्त्याला जगातले पहिले ठसे कार्यालय उघडले. त्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगाच्या वेष्टनावर तपकिरी डाग होता. तो कांगालीचरण नावाच्या जुन्या चोराच्या नोंदीतल्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनातून सोडले. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. अंगठा तिथे होता, इतकेच ठसा सांगतो. अंगठ्याने काय केले ते सांगत नाही. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य झाले आणि १९०१ मध्ये हेन्री ही विद्या घेऊन लंडनच्या स्कॉटलंड यार्डला गेले. वसाहतीत कसून पाहिलेली गोष्ट मग मायदेशी लागू झाली. इटालियन इतिहासकार कार्लो गिंझबुर्ग यांनी १९७९ च्या एका गाजलेल्या निबंधात शिकारी, वैद्य आणि गुप्तहेर यांना जोडणारी 'खुणांवरून ओळखण्याची विद्या' मांडली आहे. तिच्यात बंगालचा हा प्रसंग येतो. रयतेच्या ओळखीतली एक रीत साहेबाने उचलली आणि तिच्याच नियंत्रणासाठी परत आणली, असे ते म्हणतात.

ती कुणावर परत आली याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदलेल्या जमातीच्या कुणाही माणसाचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार त्याने दिला. गुन्हा करायची गरज नव्हती. पारधी म्हणून जन्मणे पुरे होते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत पिढ्या वाढल्या त्या याच कायद्याखाली, १९५२ च्या ऑगस्टपर्यंत. गाल्टनने ठशांवरून वंश ओळखता येईल अशी आशा धरली होती आणि तसे काही सापडत नाही हे त्यालाच कबूल करावे लागले होते. बोटांच्या रेषांत जात लिहिलेली नाही. पण कुणाची बोटे शाईत बुडवायची हे जातीवरून ठरत होते.

आणि एक विरोध, जो आपण शाळेत शिकतो पण नीट शिकत नाही. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जी सभा झाली आणि जिथून सत्याग्रहाची सुरुवात धरतात, ती सभा ट्रान्सव्हालमधल्या हिंदी लोकांची सक्तीची नोंदणी आणि बोटांचे ठसे यांविरुद्ध होती. गांधींनी हेन्रीचे पुस्तक मिळवून वाचले होते आणि कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली. नोंदणी स्वेच्छेने असेल तर ठसे द्यायला हरकत नाही असे ते म्हणू लागले. त्यावर चिडून मीर आलम या पठाणाने १० फेब्रुवारीला त्यांना रस्त्यात झोडपले. शुद्धीवर आल्यावर गांधींनी बिछान्यातूनच ठसे दिले. सरकारने शब्द मोडला, तेव्हा १६ ऑगस्टला मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळले. मला नेहमी वाटते की त्या वादात मीर आलमचेही काही खरे होते. सक्तीने दिलेला आणि राजीखुशीने दिलेला ठसा यांत गांधींना आकाशपाताळाचे अंतर दिसत होते. मीर आलमला मात्र ते दिसेना. कपाटात ठेवल्यावर दोन्ही सारखेच दिसणार होते.

हे सगळे वाचून मी पुन्हा आत्याकडे येते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. अंगठा, आदिवासी आणि एकलव्य ही जुळणी इतकी आयती आहे की मी ती टाळणार होते. पण फरक सांगण्यासारखा आहे. द्रोणाला त्या अंगठ्यात काय विद्या आहे हे नेमके माहीत होते, म्हणून त्याने तो मागितला. आधारला तो अंगठा काय करतो यात काडीचा रस नाही. त्याला हवी आहे फक्त त्याची पृष्ठभागावरची नक्षी.

आत्याचे ठसे गावच्या शाळेत भरलेल्या शिबिरात घेतले. तिथे ती थोडी रागावली होती. नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या रात्रवर्गाला जाऊन ती सही शिकली होती. पाटीवर महिनाभर घोटून. बँकेत ती मोठ्या तोऱ्याने सही करायची, मागे उभ्या असलेल्या अंगठेवाल्या बायांकडे जरा पाहून. शिबिरातल्या मुलाला ती म्हणाली, "मला सही येतीय." तो म्हणाला, "सही नको, अंगठा ठेवा." वीस वर्षांचे शिक्षण एका वाक्यात परत गेले. राज्यधर कोनाईलाही सही येत होती, हे तिला मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यानं का दिला?"

मशीन नाही म्हणते तेव्हा नेमके काय होते? काचेवरच्या बोटाची प्रतिमा घेतली जाते. रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात ते बिंदू टिपून त्यांचा आकडेरूप साचा बनतो. हा साचा शिबिरात घेतलेल्या जुन्या साच्याशी ताडला जातो आणि साम्य ठरावीक मर्यादेपुढे गेले तर 'होय' येते. यात बोट कुठेच नाही. एक प्रतिमा दुसऱ्या प्रतिमेशी बोलते. साधारणपणे आपण म्हणतो की फोटो माणसासारखा आला की नाही. इथे माणूस त्याच्या फोटोसारखा आला की नाही हे पाहतात. आत्याच्या अंगठ्याने आत्याच्या जुन्या अंगठ्यासारखे दिसायचे आहे. खुरपणी, कापसाची वेचणी, राखेने घासलेली भांडी, दिवाळीआधीचा चुना, आणि वय. रेषा पुसट होतात. खापरपणजोबांच्या कागदावर जो नांगर खूण म्हणून उभा होता, तोच आता अंगठ्यावरून फिरून खूण खोडत होता.

हे एकट्या आत्याचे नाही. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्क्यांपर्यंत आणि राजस्थानात ३७ टक्क्यांपर्यंत असल्याचे अंदाज नोंदवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरवले, न्या. चंद्रचूड यांनी वेगळे मत देऊन तो कायदा घटनाबाह्य म्हटला. मी वकील नाही. पण आपल्याकडच्या नैयायिकांनी ही चूक केव्हाच धरून ठेवली आहे. जिथे धूर तिथे अग्नी. यावरून धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असे म्हणता येत नाही. त्यासाठी त्यांचे ठरलेले उदाहरण म्हणजे तापवलेला लोखंडाचा गोळा : आत अग्नी आहे, धूर कुठेच नाही. ठसा जुळला तर माणूस तोच, हे अनुमान बरेच भक्कम आहे. ठसा जुळला नाही तर माणूस तो नाही, हे अनुमानच नाही. मशीनने तसे म्हटलेही नव्हते. त्याने फक्त 'जुळत नाही' म्हटले. त्याचा अर्थ 'धान्य नाही' असा दुकानात लावला गेला आणि तो लावण्याची मुभा कुणी तरी टेबलामागून दिलेली होती.

यावर उपाय आहेत, हे सांगायला हवे. डोळ्याचे बुबुळ आहे. आत्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि गावच्या दुकानात तसले यंत्रही नव्हते. मोबाइलवर येणारे आकडे आहेत. नातवाचा नंबर जोडला गेला. नातू पुण्याला नोकरीला. म्हणजे महिन्याच्या एका सकाळी आत्या दुकानात उभी राहणार, पुण्याला नातवाचा फोन वाजणार, तो मीटिंगमधून आकडे वाचून दाखवणार आणि मग ती, ती ठरणार. पहिल्या महिन्यात त्याने फोन उचलला नाही. पुढे तो महिन्याच्या सुरुवातीला चार दिवस गावी फोन ठेवून जाऊ लागला, जुना एक.

गेल्या उन्हाळ्यात आत्या ओट्यावरून पडली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. कुणी खुरपे हातात देईना, भांडी सुनेने घासली. प्लास्टर निघाल्यावर ती मला भेटायला आणलेल्या पपईबरोबर हात पुढे करून म्हणाली, "बघ, पोरीसारखा झालाय." कातडी खरेच मऊ, फिकी झाली होती आणि अंगठ्यावर रेषा परत उगवल्या होत्या. शंखच होता, चक्र नव्हते. त्या महिन्यात दुकानात तिने काचेवर बोट ठेवले आणि पहिल्या झटक्यात होय आले. दुकानदाराने टाळी वाजवली.

पुढे पाऊस झाला आणि खुरपणी सुरू झाली. आता धान्य यायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर ती दिव्याखाली बसते, उजव्या अंगठ्यावरून डाव्या हाताचे बोट हळू फिरवून पाहते, आणि नातवाचा तो जुना फोन चार्जिंगला लावायचा की नाही ते ठरवते.